सुट्टी कोणाची?

'सुट्टी' हा शब्द मला लहानपणापासून फार आवडतो. त्यात सुटणे आहे. दावे सुटावे आणि वासरू उधळावे, तसे मूल शाळेतून सुटते आणि रानाकडे धावते. मी स्वतः शाळेत शिकवतो. पण एप्रिलअखेरची शेवटची घंटा झाली की मुलांच्या आधी माझेच मन फाटकाबाहेर गेलेले असते. अलीकडे मात्र याच शब्दाने मला कोड्यात टाकले आहे. सुटायचे ते कशातून? सुटून जायचे कुठे? आणि ज्याला कशातूनच सुटता येत नाही, त्याला सुट्टी असते का?

आमचा कर्जत-खालापूरचा मुलूख आता सुट्टीचाच मुलूख होऊन बसला आहे. मुंबईची लोकल कर्जतला येते, पुढे खोपोलीलाही जाते. दोन-अडीच तासांत माणूस सह्याद्रीच्या पायथ्याशी उभा. इकडे माथेरान, तिकडे राजमाची. मध्ये पेठचा किल्ला, कोंढाण्याची लेणी, इर्शाळचा सुळका. जिथे भाताची खाचरे होती तिथे ठिकठिकाणी बंगले आणि बागा उठल्या आहेत. मे महिना आला की त्यांच्या फाटकांवर फलक लागतात : निवासी उन्हाळी शिबिर, वय आठ ते पंधरा. सकाळी सहाला उठणे, मग दोरावरून कडा उतरणे, तिरंदाजी, कुंभाराच्या चाकावर मडके, बैलगाडीची फेरी, रात्री शेकोटी. एका वेळापत्रकात मी 'चिखलात लोळणे, साडेदहा ते साडेअकरा' असेही वाचले. चिखलात लोळल्याबद्दल माझ्या आईने मला जन्मभर पुरतील इतके धपाटे दिले. त्यासाठी पुढे लोक पैसे मोजतील हे त्या माउलीला कुठून ठाऊक असणार!

दोन वर्षांपूर्वी अशाच एका शिबिरात मला मुलांना गोष्टी सांगायला बोलावले. शिक्षक आणि त्यात कादंबऱ्या लिहिणारा, म्हणजे गोष्टी येत असणारच, असा संयोजकांचा समज. मी आनंदाने गेलो. चाळीसएक मुले होती. मुंबईची, ठाण्याची, काही पुण्याची. गोड मुले. त्यांना आंब्याच्या झाडाचे अप्रूप होते, काजव्यांचे अप्रूप होते, मला पोहता येते याचेसुद्धा अप्रूप होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक शर्यत होती. विहिरीपासून अंगणातल्या रेघेपर्यंत डोक्यावर कळशी घेऊन जायचे. ज्याचे पाणी कमी सांडेल तो जिंकला. मुले धावत होती, पडत होती, भिजून चिंब होत होती, खिदळत होती. मीही टाळ्या पिटत होतो. एवढ्यात माझी नजर तारेच्या कुंपणाकडे गेली. पलीकडे पायवाटेवर माझी एक विद्यार्थिनी उभी होती. सातवीतली, वरच्या ठाकरवाडीतली. डोक्यावर हंडा आणि त्यावर कळशी. मे महिन्यात वाडीवरचा झरा आटतो आणि मग घरातल्या लेकीबाळींना खाली उतरावे लागते. ती थांबून शर्यत पाहत होती आणि हसत होती. मी जवळ गेलो तशी तिने विचारले, "गुरुजी, ही पोरं पाणी सांडायलाच भरतात का हो?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरोखरच नवल वाटले होते. उत्तराची वाट न बघता ती निघून गेली. दोन भांडी डोक्यावर असलेल्या माणसाला फार वेळ उभे राहता येत नाही.

मला आधी राग आला. हे सारे ढोंग आहे, गरिबाच्या कष्टांचा श्रीमंताने केलेला खेळ आहे, असे मनात आले. असला राग फार सुखाचा असतो. तो आला की आपण चांगले आहोत असे वाटते. पण दुपारी आंब्याखाली पडल्या पडल्या विचार केला तेव्हा तो टिकेना. पाण्याने भिजलेल्या त्या मुलांचा आनंद खोटा कुठे होता? भातुकली खेळणारी पोर काही स्वयंपाकाची टिंगल करत नाही. मोठ्यांचे कष्ट खेळून बघणे हा तर बालपणाचा धर्म आहे. आमच्या वाडीतली मुलेही करवंटीचा ट्रक करून त्यात वाळू भरतातच की.

मग खेळ आणि कष्ट यांत फरक कोणता? कळशी तीच, डोके तेच, पाणीही त्याच जमिनीतले. मला वाटते, फरक एवढाच : कळशी खाली ठेवण्याची मुभा. ज्याला ती मनात येईल तेव्हा खाली ठेवता येते त्याचा तो खेळ. ज्याने खाली ठेवली तर संध्याकाळची चूल अडते त्याचे ते काम.

ही कसोटी सापडली म्हणून मी जरा खूश झालो होतो. पण त्याच रात्री शेकोटीपाशी एका दहा-अकरा वर्षांच्या मुलाने ती पुन्हा माझ्यापुढे उलटी करून ठेवली. तो म्हणाला, "सर, इथून गेलो की सोमवारपासून पोहण्याचा वर्ग, मग बुद्धिबळ, मग पुढच्या वर्षाचं गणित." मी विचारले, "आणि सुट्टी?" तो म्हणाला, "हीच ना." एवढे बोलून त्याने घड्याळात पाहिले, पुढचा कार्यक्रम चुकू नये म्हणून.

म्हणजे त्याच्याही डोक्यावर कळशी होतीच! आईबापांनी हौसेने, प्रेमाने ठेवलेली. पण खाली ठेवण्याची मुभा नसलेली. एका मुलीला दारिद्र्य मोकळे सोडत नाही आणि एका मुलाला महत्त्वाकांक्षा. तरी दोघांना एका तागडीत तोलण्याचा अन्याय मी करणार नाही. त्याची कळशी पडली तर एक प्रमाणपत्र बुडेल. तिची पडली तर घर तहानेले राहील. आणि याच तालुक्यांत तिसरीही मुले आहेत. कातकऱ्यांची कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मुले बरोबर जातात. त्यांच्या बाबतीत शाळाच सुटते, सुट्टी लागतच नाही.

मुलांनी घर सोडून रानात चार दिवस राहावे ही कल्पना आजची नव्हे. १९०७ सालच्या ऑगस्टमध्ये इंग्लंडातल्या ब्राउनसी नावाच्या बेटावर बेडन पॉवेल यांनी सुमारे वीस मुलांचे शिबिर भरवले आणि त्यातून पुढे बालवीर चळवळ जगभर पसरली. आमची नेरळ-माथेरानची झुकझुक गाडीही त्याच सालची. त्या शिबिरात मला महत्त्वाचे वाटते ते तंबू नव्हेत की गाठी मारण्याचे धडे नव्हेत. निम्मी मुले बड्या शाळांतली आणि बाकीची कामकऱ्यांच्या घरची, अशी ती मुद्दाम एकत्र निवडलेली होती. इंग्लंडातल्या त्या काळात ती मुले एरवी एका पंगतीला बसली नसती.

आपल्याकडेही तेच. १९४१ साली राष्ट्र सेवा दल नव्याने उभे राहिले आणि गावोगाव शिबिरे भरू लागली. खोदकाम, झाडलोट, गाणी, आणि सर्व जातींची एक पंगत. साने गुरुजींची आंतरभारती म्हणजे तरी काय? एका प्रांताच्या माणसाने दुसऱ्या प्रांताच्या माणसाची भाषा आणि मन ओळखावे. अमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या गुरुजी स्वतः झाडून काढत. मुलांना श्रमाची किंमत कळावी म्हणून त्यांनी झाडण्याची शर्यत लावली नाही.

याहून वेगळा मार्ग ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काढला. ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आजच्या पालघरात, कोसबाडला वारल्यांची मुले गुरे राखत. शाळेत येणार कशी? तेव्हा या बायांनी शाळाच उचलली आणि कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. गुरे चरताहेत, मुले शिकताहेत. मुलाला कळशी खाली ठेवता येत नसेल तर त्याच्याबरोबर चालत जावे, असा तो विचार.

या जुन्या मंडळींचे सारेच थोर होते असे म्हणायचे नाही. श्रमदानाने रस्ता करायचा, फोटो काढायचा आणि पुढच्या पावसात तो वाहून गेला की तिकडे फिरकायचे नाही, असेही पुष्कळ ठिकाणी झाले असेल. पण त्यांच्या शिबिराला कुंपण नव्हते. आजच्या शिबिरात दोर आहे, शिडी आहे, प्रशिक्षक आहे. ज्या गावात ते भरते त्या गावचे मूल तेवढे नाही. गावचा माणूस आत असतो तो स्वयंपाकी म्हणून, बैलगाडीवाला म्हणून, झाडूवाली म्हणून. त्याला मजुरी मिळते, ही चांगलीच गोष्ट आहे. तिला मी नाक मुरडणार नाही. पण मजुरी चुकती झाली की नाते संपते, आणि पाहुणा आणि यजमान यांचे नाते तर तिथून पुढे सुरू व्हायला हवे.

हे लिहिताना माझ्यासमोर इर्शाळवाडी उभी राहते. खालापूर तालुक्यातली ठाकरांची ही वाडी इर्शाळगडाच्या उतारावर होती. तिथे गाडीरस्ता नव्हता. गडावर जाणारी मंडळी तिच्यातूनच चढत, तिथे पाणी पीत, भाकरी खात, वाटाड्या घेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली आणि वाडी गाडली गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले; सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत. वाडीतली काही मुले आश्रमशाळांत होती म्हणून वाचली. त्या पावसात यंत्रे वर नेता येईनात, तेव्हा माणसांनी हातांनी चिखल उपसला. उपसणाऱ्यांत आमच्या भागातले डोंगर चढणारे तरुणही होते. ज्या वाटेने ते मौजेसाठी चढायचे त्याच वाटेने ते दुसऱ्यांच्या मढ्यांसाठी चढले. त्यांना कुणी मजुरी ठरवून दिली नव्हती. एखाद्या डोंगरावर खेळून आल्यावर त्या डोंगरावरच्या माणसांचे काही देणे आपल्याकडे राहते, हे त्यांना कुणी शिबिरात शिकवले नसेल. पण शिबिरात शिकवण्याजोगे याहून मोठे काय आहे?

मुंबईच्या आईबापांची अडचण मला समजते. दोन खोल्यांचे घर, दोघेही नोकरीला, मामाचे गाव आता विकले गेलेले. मे महिन्याचे एकतीस दिवस मुलाला ठेवायचे कुठे? त्यांनी ते रानात पाठवावे, जरूर पाठवावे. उल्हास नदीत त्याने मनसोक्त डुंबावे. तिला उन्हाळ्यातही पाणी असते, कारण भिवपुरीच्या वीजघरातून सुटणारे पाणी १९२२ सालापासून तिच्यात येते. मात्र नदीकाठी पाणी आणि टेकडीवर घसा कोरडा, हे त्याने पाहिले पाहिजे. पाहून रडू नये, लाजू नये. फक्त त्याला ते ठाऊक असावे.

शिबिराच्या शेवटच्या संध्याकाळी मी संयोजकांना म्हटले, "आजची गोष्ट मी कुंपणाबाहेरच्या आंब्याखाली सांगतो, वाडीतली मुलेही येतील." ते कचरले. "पालक काय म्हणतील?" अखेर तासाभराची परवानगी मिळाली. वाडीची दहा-बारा मुले आली. माझी ती विद्यार्थिनीही आली, या वेळी मोकळ्या डोक्याने. पहिली पंधरा मिनिटे दोन्ही बाजू एकमेकींकडे चोरून बघत राहिल्या. मग वाडीच्या एका पोराने पान ओठांशी धरून शीळ घातली. झाले! माझी गोष्ट तिथेच मोडली. चाळीस मुले पाने तोडू लागली. घड्याळात बघणारा तो मुलगा अर्धा तास फुंकत होता. त्याची शीळ काही वाजेना आणि वाडीचा पोर त्याला हसत हसत पुन्हा पुन्हा नवे पान देत होता. त्या अर्ध्या तासात त्याने घड्याळ पाहिले नाही. त्या दोघांच्या चेहऱ्यांवर मी सुट्टी पाहिली.

यातून जग बदलले नाही. दुसऱ्या दिवशी शिबिराची बस गेली, आणि वाडीवर पाण्याची खेप चुकली नाही. एका संध्याकाळीने झरे फुटत नसतात. पण ज्याला शीळ वाजवायला शिकवणाऱ्याचे नाव ठाऊक आहे, तो मोठेपणी त्या पोराच्या घराला पाणी का नाही हा प्रश्न निदान विचारील, अशी मला आशा आहे. ज्याला नावच ठाऊक नाही तो कशाला विचारील?

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घरात फराळाचा दरवळ असेल, आणि आमच्याकडे काही मुले भट्टीवर जाण्यासाठी आपली बोचकी बांधत असतील. मे महिना अजून दूर आहे. तो आला की आपण मुलासाठी शिबिर शोधाल. दोर पक्का आहे का, जेवण स्वच्छ आहे का, हे विचाराल. ते विचाराच. त्याबरोबर आणखी एक विचारा : तिथल्या गावच्या दोन मुलांची नावे माझ्या मुलाला कळतील का?

उत्तर 'नाही' असे आले, तर फाटक उघडायला सांगा. पैसे मोजणाऱ्याचे ऐकतात.