पणजीचं माहेर कोणतं?

पणजोबांचं नाव बहुतेकांना सांगता येतं. पणजीचं माहेरचं नाव विचारलं की घर गप्प होतं. कुळाचा शोध घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी, आणि घरातली म्हातारी माणसं बोलती आहेत तोवर करावी.

मग कागद. शाळा सोडल्याचा जुना दाखला, तलाठ्याकडचे फेरफार, आणि ज्याला गावात कोतवाल बुक म्हणतात ती जन्म-मृत्यूची नोंदवही. वारस नोंदीच्या फेरफारात मयत खातेदाराची मुलं, लग्न झालेल्या मुली, विधवा अशी नावं नात्यांसकट सापडतात. वंशावळच ती, फक्त सरकारी भाषेतली!

त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्यायही यजमान कुळांच्या वह्या ठेवतात; त्यांच्याकडे जाताना आडनाव आणि मूळ गाव माहीत हवं. त्यावरूनच वही निघते. कुणी, कधी, कुणाचं श्राद्ध करायला आलं ते त्यात असतं. कधी पूर्वजाची सहीसुद्धा.

अडचण मोडी लिपीची, जुने कागद बहुधा तिच्यातच असतात. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधताना जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचकांची शोधाशोध झाली. एरवी कपाटात पडून असलेली दप्तरं तेव्हा भराभर सुटली. घरच्या ट्रंकेत मोडी कागद असतील, तर आधी त्यांचे फोटो काढून ठेवावेत. लॅमिनेशन मात्र करू नये, त्याने जुना कागद खराब होतो.