बोली लावणाऱ्याची वही

वडील गेल्यानंतर त्यांच्या पेटीत एक लांबट, कापडी पुठ्ठ्याची वही सापडली. ते गोंदियात तेंदूपत्त्याच्या एका ठेकेदाराकडे दिवाणजी होते. वनखात्याच्या तेंदू घटकांच्या निविदा निघण्याआधी ते देवरी-सालेकसाकडची जंगलं फिरून यायचे आणि रात्री कंदिलाजवळ बसून लिहायचे. घरात त्या वहीला हात लावायची कोणाची टाप नव्हती.

एका घटकापुढे लिहिलं आहे: ‘पान मोठे पण जाड.’ दुसऱ्यापुढे: ‘नाल्यापलीकडे ट्रक जात नाही. पाऊस लवकर आला तर माल फळीवरच काळा पडेल.’ आणखी एका ठिकाणी: ‘मुन्शी मोजणीत ढिला. पुड्यात साठच पाने निघतात.’ पुडा सत्तर पानांचा आणि प्रमाण गोणी 1000 पुड्यांची. म्हणजे एका गोणीमागे दहा हजार पानांचा खड्डा. अशा नोंदींखाली कोपऱ्यात एक आकडा असायचा, दोनदा अधोरेखित केलेला. याच्या वर जायचं नाही, असा त्याचा अर्थ. एका घटकापुढे मात्र हे वाक्य आहे: ‘पत्ता एक नंबर. खात्याला ठाऊक नाही. आधारभूत किमतीच्या फार वर जाऊ नये.’

दोन वर्षांपूर्वी त्याच भागातल्या एका गावचा तरुण घरी आला. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या आधारानं देवरी तालुक्यातल्या काही ग्रामसभा आता आपला पत्ता स्वतः विकतात; त्याची ग्रामसभाही त्यांतली. वहीबद्दल त्याला कुठून तरी कळलं होतं. म्हणाला, “काका, ती वही आम्हाले दाखवा ना. ठेकेदार आमच्या जंगलाचा हिशोब कसा करते, ते तं समजंल.”

मी त्याला चहा दिला, पण वही दिली नाही. विचार करून सांगतो, म्हणालो. हा लेख म्हणजे तोच विचार आहे.

पहिला प्रश्न, असं टिपण गुप्त असण्याचा हक्क तरी का मागतं? उत्तर त्याच्या उपयोगातच आहे. वडिलांची वही उपयोगी होती, कारण ती खरी होती. आणि ती खरी होती, कारण ती कोणी वाचणार नव्हतं. ‘मुन्शी ढिला’ हे वाक्य मुन्शी वाचणार असता तर वडिलांनी ‘मोजणीकडे लक्ष द्यावे’ असं गुळमुळीत काही लिहिलं असतं, आणि पुढच्या वर्षी त्या वाक्याचा त्यांनाच उपयोग झाला नसता. अधोरेखित आकड्याचंही तेच. लिलावाच्या भरात माणूस वाहवत जातो. आदल्या रात्री शांतपणे लिहिलेला आकडा त्याला धरून ठेवतो. पण विकणाऱ्याला तो आकडा कळला तर लगाम त्याच्या हाती जातो.

विक्रेत्याचा गुप्त आकडा फुटला तर काय होतं, याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. 1797 मध्ये गटेला ‘हेर्मान आणि डोरोथेआ’ हे काव्य विकायचं होतं. त्यानं आपली किंमत लिहून पाकीट बंद केलं, ब्योटिगर नावाच्या मध्यस्थाकडे ठेवलं आणि बर्लिनच्या फीवेग या प्रकाशकाला कळवलं: तुमची बोली पाकिटातल्या आकड्याहून कमी असेल तर पाकीट न उघडता परत येईल आणि व्यवहार होणार नाही, जास्त असेल तर तुम्ही फक्त पाकिटातला आकडा द्यायचा. आपल्या लेखनाचं खरं मोल प्रकाशकाच्या लेखी किती, हे गटेला जाणून घ्यायचं होतं. फीवेगनं नेमके 1000 थालर देऊ केले. पाकिटातही 1000 थालरच होते. हा योगायोग नव्हता. किती बोलावं, हे ब्योटिगरनंच प्रकाशकाला पत्रातून सुचवलं होतं. गटेला पैसे मिळाले, उत्तर मिळालं नाही.

अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी 1961 मध्ये अशाच जातीच्या लिलावाचं गणित मांडलं. सर्वांत मोठी बोली जिंकते, पण पैसे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकेच द्यायचे. अशा लिलावात मनातला खरा आकडा सांगणंच फायद्याचं ठरतं. 1996 मध्ये विक्रींना नोबेल मिळालं. या गणितात एक गोष्ट गृहीत आहे: पाकीट सांभाळणारा ब्योटिगर नाही.

आज आपण पाकीट कोणाकडे ठेवतो? ईबेसारख्या लिलावस्थळावर माणूस आपली कमाल किंमत आधीच भरून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीनं थोडी थोडी बोली वाढवत नेते. वस्तूपुढे खासगी टिपण लिहायचीही सोय तिथं मिळाली: ‘कडेला चीर दिसते’, ‘हा विक्रेता पॅकिंग नीट करत नाही’, ‘एवढ्याच्या वर नको’. म्हणजे वडिलांची वहीच, फक्त ती आता लिलाव करणाऱ्याच्याच कपाटात. आणि विक्री जितकी चढी, तितकी त्याची दलाली जास्त. सरकारी ई-निविदेत आकडा कुलूपबंद राहतो आणि ठरलेल्या वेळी नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या डिजिटल चाव्यांनीच उघडतो. टिपणांना असं कुलूप सहसा नसतं. तिथं ‘खासगी’ या शब्दाचा अर्थ बहुधा एवढाच, की दुसऱ्या ग्राहकाला दिसत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पण वहीत लिहिलेलं सगळंच या छत्राखाली येतं का? पुन्हा वही उघडली तेव्हा नोंदी तीन जातींच्या दिसल्या.

काही नोंदी वस्तूबद्दल आहेत: पान, नाला, रस्ता, पाऊस. काही स्वतःबद्दल: किती द्यायची तयारी आहे, किती झेपेल. काही इतरांबद्दल: मुन्शी ढिला, अमका शेठ यंदा अडचणीत. यांत स्वतःबद्दलच्या नोंदीवरचा हक्क सर्वांत भक्कम; तो माणसाचा स्वतःशी झालेला संवाद असतो. इतरांबद्दलच्या नोंदीत तो ‘इतर’ही थोडा मालक आहे, ती लिहायला हरकत नाही, पसरवायला आहे. आणि अधोरेखित आकडाही दुसऱ्या बोलीदाराला दाखवला की टिपण उरत नाही. ‘हा घटक तुझा, तो माझा’ असं ठरवणं म्हणजे संगनमत. 2002 चा स्पर्धा कायदा त्याला मनाई करतो. त्याची किंमत पहाटेपासून ऊन चढेपर्यंत पानं तोडणाऱ्या बाईच्या पदरातून जाते.

राहिल्या वस्तूबद्दलच्या नोंदी. इथंच मी जास्त अडलो. वडिलांनी ती माहिती पायपीट करून मिळवली होती. तो त्यांच्या कष्टाचा माल होता. ‘खात्याला ठाऊक नाही’ हे लिहिण्यात त्यांनी काही चोरलं नव्हतं. बघायला कोणी गेलं नाही, ते गेले, इतकंच. पण त्यांना जंगल दाखवत कोण हिंडलं? कुठलं पान पातळ, कुठला उतार आधी कोवळा होतो, हे त्यांना गावातल्याच माणसांनी सांगितलं असणार. गावाचं ज्ञान शहरातल्या वहीत आलं, आकडा झालं आणि गावाकडे परत गेलंच नाही. वडील माझे, म्हणून हे लिहिताना हात जड होतो. पण ते एक वाक्य मी अनेकदा वाचलं आहे, आणि दर वेळी मला त्यात हुशारीबरोबर थोडी लाजही दिसते. कदाचित ती माझीच असेल.

शेवटी मी पान, रस्ता, नाला, पाऊस यांच्या सगळ्या नोंदी वेगळ्या कागदांवर उतरवल्या आणि त्या तरुणाला दिल्या. मुन्शींची नावं दिली नाहीत. त्यांतले काही अजून हयात आहेत. अधोरेखित आकडेही दिले नाहीत. त्या काळचे भाव आज कुचकामी आहेत, पण ते कारण नव्हे. ते आकडे वडिलांनी स्वतःशी बोलताना लिहिले होते.

त्यानं कागद चाळले आणि विचारलं, “आकडे कुठं हायेत?”

“ते तुम्ही लिहा,” मी म्हणालो. “तुमची वेगळी वही करा. लिलावाच्या आदल्या रात्री ग्रामसभेत बसून, किती खाली उतरायचं नाही ते ठरवा. आणि ती वही कोणाला दाखवू नका. मलाही नाही.”