बंद दारामागची जात

प्रज्ञा पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. दारावरच्या पाटीवर आडनाव नाही. भीमगीतं ती घरातसुद्धा इयरफोन लावूनच ऐकते. नांदेडहून आलेल्या आत्याला ते खटकलं.

आत्या : शेजारी आरत्या मोठ्यानं लावतात. तू का चोरून ऐकतेस?

प्रज्ञा : एकदा आडनाव सांगितलं आणि ठरत आलेला फ्लॅट हातचा गेला. पुन्हा वणवण करायची ताकद नाही गं.

आत्या : घरमालकापुढे गप्प राहिलीस, तो व्यवहार झाला. पण काल सुकट भाजताना खिडक्या लावल्यास, मी फोनवर बोलत होते तर ‘हळू बोल’ म्हणालीस. तेव्हा इथं कोण होतं?

प्रज्ञा : कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांचा एक अभ्यास २००४ साली आला. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना वाट शोधायची कोडी दिली. जात पुकारली नाही तेव्हा दलित मुलं सवर्ण मुलांच्या बरोबरीनं कोडी सोडवत होती. सगळ्यांसमोर जात पुकारल्यावर मात्र मागं पडली. मग तो पुकारा होऊच दिला नाही, तर माझं काय चुकलं?

आत्या : तिथं पुकारणारा परीक्षक होता. इथं दार लावून तूच स्वतःला दिवसभर पुकारतेस.

प्रज्ञा : म्हणजे दोष माझाच! घर नाकारणारा निवांत झोपतो आणि न्यूनगंडावर इलाज मी करून घ्यायचा.

आत्या : दोष त्याचाच. पण त्याचं काम तू फुकटात करून देतेस, ते मला बघवत नाही.

प्रज्ञा : बाबासाहेबांनीही डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बायकांना हेच सांगितलं ना? जात ओळखू येते ते नेसणं सोडा, गळ्याहातातले कथलाचे दागिने टाका. त्यांनी खुणा टाकल्या, मी आडनाव टाकलं.

आत्या : त्याच परिषदेत मनुस्मृती जाळली होती. बायकांनी नेसण बदलली ती चारचौघांत, ‘आम्ही कमी नाही’ म्हणून. तू आडनाव टाकलंस ते कुणाला कळू नये म्हणून.

प्रज्ञा : पण नेसण वरच्या जातींचीच घेतली. मोजपट्टी त्यांचीच राहिली.

या मुद्द्याला बगल देता आली असती. आत्यानं दिली नाही, आणि माझ्या मते इथंच बोलणं खऱ्या अर्थानं सुरू झालं.

आत्या : राहिली. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धर्म बदलला, तो ती मोजपट्टीच फेकून द्यायला. तरी ती आपल्या घरांत उरलीय. तुला आवडलेला मुलगा मातंग आहे म्हटल्यावर माझा भाऊ काय म्हणाला? ‘आपण त्यांच्यात देत नाही.’ आपल्याला पायरीवर बसवणाऱ्यांनी खालची पायरी दाखवून ठेवलीय, आणि आपण ती राखत बसलोय.

प्रज्ञा : मग मी काय करू?

आत्या : घरमालकाला सांगायचं की नाही, ते तू ठरव. छप्पर तुझं जाणार. नांदेडात बसून मी धाडस शिकवू नये. पण भावाशी भांडायला मी तुझ्याबरोबर येते. तिथं घर जायची तरी भीती नाही.

प्रज्ञा : आहे आत्या, तिथंच जास्त आहे. घरमालक परका आहे. बाबा परके नाहीत.