सद्हेतू पुरेसा आहे काय? : मदतकार्य, अमानत आणि प्रशिक्षण

दरवर्षी आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोरचा मुक्काम आटोपून सोलापूर रस्त्याने यवतला येते. त्या रात्री यवतकर वारकऱ्यांना पिठलं-भाकरीचे जेवण देतात. भाकऱ्या घराघरांतून भाजून येतात. पिठलं मात्र काळभैरवनाथाच्या मंदिरात मोठमोठ्या कढयांत शिजते. वाचकहो, आपल्या या शेजारधर्मी बांधवांच्या व्यवस्थेकडे जरा बारकाईने पाहा. भाकरी टिकते, टोपलीत रचून आणता येते आणि शेकडो चुलींवर एकाच वेळी भाजता येते. पिठलं गरमच हवे आणि ते वाहून नेणे अवघड, म्हणून ते वाढण्याच्या जागीच करायचे. घरून काय आणावे आणि जागेवर काय करावे, याचा हा निर्णय म्हणजेच ते शास्त्र, ज्याला आज लॉजिस्टिक्स, म्हणजे पुरवठ्याचे व्यवस्थापन म्हणतात.

यवतकरांना हे कोणत्या महाविद्यालयात शिकवले गेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या दरवर्षी तेच काम केल्याने ते हातात मुरले आहे. परंतु वारीला तिथी असते, भूकंपाला नसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात धरणी हादरली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे झोपेतच दगड-मातीच्या घरांखाली गाडली गेली. महाराष्ट्राचे अंतःकरण त्या दिवसांत खऱ्या अर्थाने हेलावले. पुण्याकडून तिकडे जाणाऱ्यांचा स्वाभाविक मार्ग यवतवरूनच जातो. पण आपत्तीच्या ठिकाणी मदत घेऊन निघालेल्यांची वाहने आणि नुसते पाहायला निघालेल्यांची वाहने एकाच अरुंद रस्त्यावर आली, तर जखमींना घेऊन परत येणाऱ्या गाडीने जायचे कोठून? २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले. ज्यांनी ते कपडे दिले, त्यांच्या मनात दयाच होती. मग दया वाटली, दिले आणि पाठवले, एवढ्यावर त्यांचे कर्तव्य संपले काय?

आपल्यापैकी बहुतेकांच्या ओठांवर याचे उत्तर तयार असते. कर्मांचा आधार नीयतीवर आहे, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती सत्य आहे आणि तिच्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि ही हदीस कर्त्याला मिळणाऱ्या फळाविषयी सांगते. कर्माने दुसऱ्याचे जे होते, त्याविषयी आपल्याला इतरत्र पाहावे लागेल. अबू दाऊद आणि नसाई यांच्या संग्रहांत अल्लाहच्या प्रेषितांची (स.) एक शिकवण नोंदलेली आहे. तिचा आशय असा की, ज्याला वैद्यकाचे ज्ञान नाही अशा माणसाने उपचार केला, तर होणाऱ्या हानीला तोच जबाबदार ठरतो. त्या वैद्याचा हेतू वाईट होता की चांगला, हे येथे विचारलेलेच नाही. रोग्याला बरे करावे असेच त्याला वाटत असेल, तरी जबाबदारी टळत नाही. नीयत हा बंदा आणि अल्लाह यांच्यातील मामला आहे. गोदामात भिजून सडलेले पीठ हा बंद्याबंद्यांमधील मामला आहे, आणि बंद्यांच्या हक्कांचा हिशेब वेगळा द्यावा लागतो.

हे कठोर वाटेल. पण ऑगस्ट २०१९ आठवा. कृष्णेला महापूर आला होता. सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्टला लोकांना सुखरूप जागी नेणारी नाव क्षमतेपेक्षा अधिक माणसांसह उलटली आणि स्त्रिया-मुलांसह अनेकांचे प्राण गेले. त्या घटनेत दोष कोणाचा, हे ठरवण्याचा आपल्याला अधिकार नाही. पाणी चढत असताना काठावर रडणाऱ्या मुलाला ‘पुढच्या फेरीला’ असे सांगणे कोणत्या माणसाला सोपे जाईल? म्हणूनच म्हणतो, ते सांगण्याचे बळ केवळ दयेतून येत नाही. नाव किती माणसे पेलते हे आधीपासून ठाऊक असणे, तो आकडा नावेवर रंगवलेला असणे आणि कोणी कितीही विनवले तरी त्या आकड्यापाशी थांबण्याचा सराव असणे, यातून ते येते. या सरावालाच प्रशिक्षण म्हणतात.

पवित्र कुरआनात यूसुफ (अ.) यांची कथा आपण सर्वांनी वाचली आहे, पण तिच्यातील दुष्काळाचा भाग आपण घाईने ओलांडतो. इजिप्तच्या बादशहासमोर यूसुफ (अ.) देशाच्या भांडारांची जबाबदारी स्वतःहून मागतात आणि त्यासाठी आपले दोन गुण सांगतात (१२:५५). पहिला, मी जपणारा आहे. दुसरा, मी जाणणारा आहे. केवळ प्रामाणिकपणा पुरेसा असता, तर दुसरा गुण सांगण्याचे कारण नव्हते. त्यापूर्वीच त्यांनी धान्य कणसातच राखून ठेवण्याचा सल्ला दिलेला आहे (१२:४७). मळलेल्या दाण्यापेक्षा कणसातील दाणा अधिक टिकतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आणि पुढे दुष्काळात भाऊ धान्यासाठी येतात, तेव्हा माणशी एक उंटाचे ओझे असे ठरलेले माप दिसते. साठवण, मोजमाप, वाटप, सगळे एकाच सूरहमध्ये आहे. मूसा (अ.) यांच्याविषयी मदयनच्या त्या कन्येने आपल्या पित्याला जे सांगितले, त्यातही समर्थ आणि विश्वासू असे दोन्ही शब्द जोडीने येतात (२८:२६). आपण मात्र मदतकार्यासाठी माणूस निवडताना ‘फार भला माणूस आहे’ एवढेच पाहतो.

आणखी एक हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ती आपल्या प्रवचनांत क्वचितच ऐकू येते. जो विश्वासू खजिनदार, ज्याला जे द्यायला सांगितले ते त्याला पुरेपूर आणि मनापासून देतो, तो दान देणाऱ्या दोघांपैकी एक आहे, असा तिचा आशय. विचार करा. ज्याने स्वतःच्या खिशातून दमडीही दिलेली नाही, केवळ पोती मोजून घेतली, थप्पी लावली आणि योग्य हाती सोपवली, त्याला दात्याच्या बरोबरीने बसवले आहे. आपल्या सभांत देणगीदाराच्या गळ्यात हार पडतो आणि गोदाम सांभाळणारा मागे खुर्च्या उचलत असतो.

हिजरी सन १८ च्या सुमारास अरबस्तानात भीषण दुष्काळ पडला. इतिहासात ते वर्ष ‘रमादा’ या नावाने ओळखले जाते. खलीफा उमर (रजि.) यांनी लोकांची उपासमार संपेपर्यंत स्वतः तूप खाणे सोडले, ही हकिकत आपण मुलांना सांगतो, आणि सांगावीच. परंतु त्याच इतिहासात असेही आहे की त्यांनी प्रांताधिकाऱ्यांना पत्रे पाठवून धान्य मागवले, मदीन्यात जेवायला येणाऱ्यांची मोजणी करवली आणि जे आजारी किंवा लहान असल्याने येऊ शकत नव्हते, त्यांची वेगळी मोजणी करून त्यांचा वाटा त्यांच्या जागी पोहोचवला. इजिप्तचे सुभेदार अम्र बिन आस (रजि.) यांनी नाईल नदीपासून तांबड्या समुद्रापर्यंतचा जुना बुजलेला कालवा पुन्हा खोदवला, जेणेकरून धान्याची जहाजे मदीन्याजवळच्या अल-जार बंदरात यावीत. तूप सोडल्याने उमर (रजि.) यांची करुणा दिसली, पोट भरले ते कालव्याने आणि मोजणीने.

अल-जारच्या धान्याची पुढची गोष्टही सांगण्यासारखी आहे. पुढे मरवान बिन हकम याच्या काळात त्या धान्यासाठी लोकांना चिठ्ठ्या दिल्या जात. धान्य हाती येण्याआधीच लोक त्या चिठ्ठ्यांची खरेदी-विक्री करू लागले. जैद बिन साबित (रजि.) यांनी दुसऱ्या एका सहाबींसह मरवानकडे जाऊन त्याविरुद्ध आवाज उठवला आणि त्याला त्या चिठ्ठ्या परत गोळा कराव्या लागल्या. इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये ही नोंद आहे. आजच्या टोकन पद्धतीतल्या गैरप्रकाराची तक्रार करणाऱ्यांनी ती जरूर वाचावी. रोग जुना आहे आणि त्यावरचा उपचारही.

आता या कामाचे प्रशिक्षण म्हणजे नेमके काय शिकवले जाते? बहुतांशी साध्या गोष्टी. माल पाठवण्यापूर्वी गरज विचारणे. पोती ओल्या जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचणे. आवक-जावक नोंद आणि प्रत्यक्ष माल रोज पडताळणे. ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर काढणे. गाडी भरताना, जे आधी उतरवायचे ते शेवटी चढवणे. आणि पाण्याचा हिशेब. आपत्तीतील मदतीचे ‘स्फिअर’ नावाचे आंतरराष्ट्रीय निकष माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी धरतात. त्यात पिणे, स्वयंपाक आणि स्वच्छता आली. १,००० माणसांच्या छावणीला म्हणजे रोज १५,००० लिटर. एक लिटरच्या बारा बाटल्यांच्या खोक्यांत मोजले, तर १,२५० खोकी, तीही रोज! टँकरच्या दोन फेऱ्यांत जे होते, त्यासाठी आपण टेम्पोमागून टेम्पो बाटल्या पाठवतो, कारण बाटलीच्या खोक्यावर संस्थेचे नाव चिकटवता येते.

यवतपासून जवळच, दौंड तालुक्यातील केडगावला, याचा एक जुना धडा आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनाथ मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने त्यांना केडगावच्या माळावर ठेवावे लागले. तेथे आधी निवारा उभारावा लागला, विहिरी खोदाव्या लागल्या. धर्माच्या बाबतीत आपला आणि त्यांचा मार्ग वेगळा. पण माणसे आणण्याआधी त्यांच्या पाण्याची सोय पाहावी लागते, हे त्या माळावर दिसते.

या विषयाचे रीतसर अभ्यासक्रम आता उपलब्ध आहेत. अमेरिकेतील फ्रिट्झ इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने मानवतावादी लॉजिस्टिक्सचे प्रमाणपत्र दूरशिक्षणाने देण्याची व्यवस्था झाली. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आपत्ती-अभ्यासाचे स्वतंत्र विद्यालय आहे. पुण्यात यशदा आहे. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेत गावपातळीवरच्या स्वयंसेवकांना शिकवले जाते. आणि दौंड परिसरातील तरुणाला यातील अर्धे आधीच ठाऊक असते. तोडलेला ऊस उन्हात राहिला की वजन घटते, म्हणून तोडणीची टोळी, गाडी आणि कारखान्याची किंवा गुऱ्हाळाची वेळ जुळवावी लागते, हे त्याला सांगावे लागत नाही. फळबाजारात उभा राहणारा, ट्रक हाकणारा, दौंड जंक्शनवर मालाची चढ-उतार पाहिलेला, असे कितीतरी जण आपल्या घरांत आहेत. ईदगाहच्या समितीत मात्र त्यांना कोणी विचारत नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. गरिबाच्या तोंडचा पैसा प्रशिक्षणावर, गोदामाच्या भाड्यावर, पगारावर का खर्चावा? ज्याने शंभर रुपये दिले, त्याला ते शंभरही भुकेल्याच्या ताटात हवे असतात. ही इच्छा पवित्र आहे. तरीही ती अपुरी आहे. जकातीचे हक्कदार सांगणाऱ्या आयतीत (९:६०) गरीब आणि गरजूंच्या पाठोपाठ तिसरे नाव जकात गोळा करणाऱ्या आणि तिची व्यवस्था पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांचे आहे. व्यवस्थेलाही खर्च असतो, हे ज्याने दान अनिवार्य केले त्यानेच सांगून ठेवले आहे. आजच्या खासगी संस्थेचे कर्मचारी त्या व्याख्येत बसतात काय, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. म्हणून जकातीचा पैसा यात वापरण्यापूर्वी जाणत्या मुफ्तींना विचारावे. ऐच्छिक सदक्यातून आणि देणग्यांतून, देणाऱ्याला स्पष्ट सांगून, हा खर्च करण्यास अशी अडचण दिसत नाही. अट एकच, की त्याचा हिशेब उघडा असावा.

कुर्बानीचे उदाहरण घ्या. हजच्या दिवसांत मिनामध्ये होणाऱ्या कुर्बानीचे कितीतरी मांस पूर्वी उष्णतेने वाया जाई आणि पुरावे लागे. १९८३ पासून इस्लामिक विकास बँकेच्या देखरेखीखाली आधुनिक कत्तलखाने, शीतगृहे आणि जहाजे यांची व्यवस्था झाली आणि ते मांस अनेक देशांतील गरिबांपर्यंत जाऊ लागले. शीतगृहाचा खर्च कुर्बानीत मोजावा की नाही यावर वाद घालणाऱ्याने, पुरलेल्या मांसाचा हिशेब कोठे मांडायचा तेही सांगावे.

दुसरी भीती मला अधिक खरी वाटते. तक्ते आणि टोकन आले की माणूस आकडा होतो. प्रशिक्षित मनुष्य रांगेतल्या म्हातारीला ‘तुमचे नाव यादीत नाही’ असे सांगून पुढचे नाव पुकारतो. दान दिल्यावर उपकार बोलून दाखवल्याने आणि मन दुखावल्याने ते दान वाया जाते, असा कुरआनाचा स्पष्ट इशारा आहे (२:२६४). मन दुखावायला शिवी लागत नाही, तुटक स्वरही पुरतो. पण यावर यादी फाडणे हा उपाय नव्हे. यादी नसते तेव्हा त्या म्हातारीला काय मिळते? जो दांडगा, तो आधी. जो ओळखीचा, तो दोनदा. रमजानमध्ये आपल्याच मोहल्ल्यांत पाहा. एका घरी शिध्याची चार पाकिटे जातात आणि पलीकडच्या गल्लीतील, पडदा राखून राहणाऱ्या विधवेच्या घरी एकही जात नाही. न मागणारे गरजू ओळखण्याची शिकवणही कुरआनात आहे (२:२७३), आणि त्यांना ओळखायचे तर कोणाला तरी आधी, शांतपणे, घरोघर जाऊन नोंद करावी लागेल. हे काम स्त्रिया अधिक चांगले करतील. कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे पुरुषांच्या बैठकीत कळत नाही.

म्हणून यवत, केडगाव, दौंड, शिरूर येथील मस्जिदींच्या विश्वस्तांनी पुढील रमजानची वाट न पाहता दोन गोष्टी कराव्यात. चारही ठिकाणांची गरजूंची यादी एकत्र मिळवून पाहावी, म्हणजे दुबार नावे आणि राहून गेलेली घरे दोन्ही दिसतील. आणि ती यादी दोघांपलीकडे कोणाच्या हाती देऊ नये. दुसरे, प्रत्येक गावातून एक तरुण आणि एक तरुणी अशा प्रशिक्षणासाठी पाठवावी आणि त्यांचा प्रवासखर्च जमातीने उचलावा. भीमेला पुन्हा पाणी येईल, तेव्हा नदीकाठचे लोक मस्जिदीत आसऱ्याला आले, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, तर वुजूखान्याच्या टाकीत किती लिटर पाणी मावते, हे त्या दोघांनी आजच मोजून भिंतीवर लिहून ठेवावे.