झाकण उघडल्यावर

आमच्या घरी दसऱ्याला तलवारीशेजारी एका मनगटी घड्याळाचीही पूजा होते. वेस्ट एंड कंपनीचं ‘सोवार प्रायमा’. पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला गेले, कुतच्या वेढ्यातून वाचले आणि परतले तेव्हा हे घड्याळ त्यांच्या हातावर होतं, असं आम्ही ऐकत आलो. साताऱ्याकडच्या गावांत अशा गोष्टींना आधार आहे. एकट्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले. त्यांचं स्मारक गावात आहे.

मागच्या वर्षी घड्याळ बंद पडलं. सांगलीतल्या एका वयस्कर घड्याळजींनी झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि विचारलं, “कधीचं म्हणता?”

“१९१६चं. पणजोबा कुतला होते.”

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. बॅलन्स व्हीलच्या खड्यावर एक चिमुकली स्प्रिंग होती. “हे इन्काब्लॉक. घड्याळ पडलं तरी बॅलन्सची नाजूक टोकं मोडू नयेत म्हणून बसवतात. हे १९३० नंतर आलं, साहेब.”

मला राग आला. पणजोबांना कुणी खोटं ठरवल्यासारखं वाटलं. सांगलीहून परतताना मात्र मन हिशेब करू लागलं. कुतचा वेढा २९ एप्रिल १९१६ला शरणागतीनं संपला. तिथल्या सैनिकांच्या वाट्याला तुर्कांची कैद आली. त्या कैदेतून घड्याळ घरी कसं येईल, हा साधा प्रश्न तीन पिढ्यांत कुणालाच पडला नव्हता.

जुन्या घड्याळांच्या बाजारात असे प्रश्न आधी विचारतात. तिथे डायल नव्यानं रंगवलेली असते, मशीन एका घड्याळाचं तर केस दुसऱ्याची असते, आणि ‘फौजी आजोबांचं आहे’ म्हटलं की किंमत चढते. जाणता संग्राहक गोष्ट बाजूला ठेवून आधी झाकण उघडतो. घरात विकणारा नसतो, घेणारा नसतो, म्हणून झाकण बंदच राहतं.

मी वडिलांच्या आत्याला विचारलं. नव्वदीला टेकलेली आत्याआजी सहज म्हणाली, “ते आबांचं न्हवं रं. दादाचं हाय. इटलीस्नं आला तवा हातात हुतं.”

आबा म्हणजे पणजोबा, दादा म्हणजे माझे आजोबा. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीत लढल्या. तिथेच १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांना वीरमरण आलं आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजोबा त्याच काळात फौजेत होते. स्वतःच्या युद्धाबद्दल ते कधी बोलले नाहीत, वडिलांच्या युद्धाबद्दल मात्र भरभरून सांगायचे. बापाच्या पराक्रमाखाली मुलाची चार वर्षं आमच्याच घरात दबून गेली, आणि आम्ही त्यावर दरवर्षी हळदकुंकू वाहत राहिलो.

तरी आत्याआजीची आठवणही मी तपासूनच घेणार आहे. इन्काब्लॉक एवढंच सांगतं की घड्याळ कुतला नव्हतं. ते इटलीला होतं, असं ते सांगत नाही. एक गोष्ट ढासळली म्हणून दुसरी लगेच पूज्य करायची, तर आम्ही काहीच शिकलो नाही. शंका घेणं हा पूर्वजांचा अपमान आहे, असं मला आता वाटत नाही. ज्याचं घड्याळ, त्याला ते परत मिळावं, एवढीच त्या शंकेमागची ओढ आहे.

घड्याळाच्या डबीत मी एक चिठ्ठी ठेवली आहे: मशीनमध्ये काय दिसलं, कोण काय म्हणालं, कोणत्या तारखेला. खाली बरीच जागा कोरी सोडली आहे. आजोबांची फौजेची कागदपत्रं सापडली, तर तिथे लिहीन.