दोष कोणाचा?

कण्याचे मणके अपुरे वा एकमेकांत जुळलेले, बरगड्या उण्या किंवा चिकटलेल्या, आणि काही वेळा त्याजबरोबर हृदयासही छिद्र, अशी बालके क्वचित जन्मास येतात. जार्को व लेव्हिन या अमेरिकन वैद्यांनी १९३८ साली अशा व्यंगाचे वर्णन प्रसिद्ध केले. केजेस काय किंवा पुण्यास काय, असे मूल जन्मले की प्रश्न उठतो, 'ग्रहण पाळले नव्हते काय?' आणि तो विचारला जातो एकट्या आईला.

आता गर्भाचा क्रम पाहावा. मणके व बरगड्या ज्यांपासून होतात ते खंड गर्भधारणेनंतर चौथ्या-पाचव्या आठवड्यात पडतात. हृदयाची घडणही त्याच सुमारास चालू असते. त्या वेळी आपणांस दिवस गेले आहेत हे आईला पुष्कळदा ठाऊकही नसते. शिवाय या व्यंगाच्या कित्येक प्रकारांत सदोष जनुक मातापिता या उभयतांकडून येतो, आणि दोघेही स्वतः धडधाकट असतात. मामाच्या मुलीशी विवाह करण्याच्या रूढीने असा योग जुळण्याचा संभव वाढतो खरा. तथापि अपराधी असे कोणीच नाही.

परंतु अपराध नाही म्हणून कर्तव्यही नाही, असे होत नाही. उलट, अपराधी सापडला की घरच्यांस आपण मोकळे झालो असे वाटते, हाच या प्रश्नातील खरा अनर्थ होय. बालकाचे हृदय तपासून घेणे, त्याच्या श्वासाची काळजी वाहणे, पुढील अपत्यापूर्वी वैद्यांचा सल्ला घेणे, ही सर्व घराची कामे आहेत. केजहून अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय दूर नाही. आईला जाब विचारण्यात दवडलेला दिवस मुलाच्या उपचारातून वजा होतो.