शब्द सापडला नाही

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीनं मला विचारलं, "मामा, मशीन म्हणतंय असा शब्दच नाही. मग पुस्तकात चुकीचं छापलंय का?"

शब्द होता 'विधवा'. मशीन तिचं होतं, पण त्यातला शब्दकोश मी भरलेला होता. आणि तो शब्द मीच लपवला होता.

आम्ही परळला राहतो. ताई त्याच बिल्डिंगमध्ये, दोन मजले खाली. भाची सहावीत, इंग्रजी माध्यमात. आजीच्या कपाटातली जुनी मराठी पुस्तकं तिला वाचायची असतात, पण दर दोन ओळींना अडते. फोनवर शोध म्हणावं, तर शब्दासाठी हातात घेतलेला फोन अर्ध्या तासानं रील्सवर सापडतो. तिचं कशाला, माझंही तेच होतं. म्हणून ठरवलं की जे फक्त शब्दकोश असेल, ज्यात इंटरनेट नसेल, असं काहीतरी करायचं.

लॅमिंग्टन रोडवर एका दुकानदाराकडे जुन्या निन्टेंडो डीएसचा लॉट होता. पाच मशीनं, बिजागऱ्या सैल, एकाची बॅटरी फुगलेली. पाचही घेतली. एक भाचीला, बाकीची तिच्याबरोबर ताईकडे शिकवणीला येणाऱ्या चार मुलांना. २००४ साली आलेलं हे गेमचं यंत्र पुस्तकासारखं उघडतं. दोन पडदे, त्यातल्या खालच्यावर स्टायलसनं लिहिता येतं. जपानमध्ये २००६ साली याच यंत्रासाठी शब्दकोश निघाला होता. पडद्यावर कांजी अक्षर गिरवायचं की वर अर्थ हजर. म्हटलं, जपानी मुलांना मिळालं ते आपल्या मुलांना का नको?

का नको, ते पहिल्या आठवड्यातच कळलं. या यंत्राची रॅम ४ एमबी. आज व्हॉट्सॲपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा कधी कधी त्याहून मोठा असतो. अख्खा कोश एकदम उचलता येत नाही. तो कार्डावर ठेवायचा, शब्द अकारविल्हे लावायचे, मधोमध उघडायचं, मग अर्ध्याचं अर्धं, असं करत शब्दापर्यंत जायचं. आपण जाडजूड कोश हातानं उघडतो तसंच. शिवाय यंत्राला देवनागरी येत नाही. 'कि'मधली वेलांटी लिहिताना नंतर येते आणि दिसते आधी, हे त्याला कोण सांगणार? मग कोशात येणारं एकेक जोडाक्षर चित्र म्हणून साठवलं.

कोश निवडला मोल्सवर्थचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातला हा अधिकारी. जॉर्ज आणि थॉमस कँडी या भावांच्या आणि शास्त्र्यांच्या मदतीनं त्यानं मराठी-इंग्रजी कोश केला. पहिली आवृत्ती १८३१ची, वाढवलेली दुसरी १८५७ची. आता त्यावर कुणाचा हक्क नाही, आणि शिकागो विद्यापीठानं तो अख्खा टाइप करून खुला ठेवला आहे. मराठी शब्दाचा अर्थ इंग्रजीत मिळतो, म्हणजे भाचीच्या सोयीचा. इथे मला थोडं हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. साहेबाला मराठी कळावी म्हणून केलेलं पुस्तक, त्याच्या जागी आता माझी भाची.

पण त्या कोशात 'करणे' नाही, 'करणें' आहे. 'नाही' नाही, 'नाहीं' आहे. हे अनुस्वार १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी गेले. म्हणून शोधताना ते दुर्लक्षित करायचे. शिवाय मुलं शब्द लिहितात पुस्तकात दिसतो तसा: 'घोड्याने', 'झाडाखालून'. प्रत्यय कापून मूळ शब्द काढायचा. यात दोन महिने गेले, आणि ते मजेचे होते.

मग मी कोश नुसता चाळायला लागलो.

शिव्या आहेत, त्या असणारच. पण जातींच्या नावांपुढे जे लिहिलंय ते वाचून मी थांबलो. वरचा कोण आणि खालचा कोण, हे तिथे कुणाचं मत म्हणून येत नाही, माहिती म्हणून येतं. बाजरी हे धान्य आहे, ही जात नीच आहे, सगळं एकाच सुरात. नवरा नसलेल्या बाईसाठी तर टोमण्यांचा आणि म्हणींचा ढीग आहे. हे अकरा वर्षांच्या मुलीच्या हातात द्यायचं?

त्या रात्री मी वीसेक इंग्रजी शब्दांची यादी केली. शिवी, वेश्या, नीच जात, विधवा अशा अर्थाचे. ज्या नोंदीच्या अर्थात यातला एक जरी शब्द येईल, ती नोंद दाखवायची नाही. सात ओळींचा कोड. दीड वाजता चालवला आणि झोपलो. काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटत होतं.

भाची फुल्यांवरचं पुस्तक वाचत होती. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, हा भाग आला. तिनं खालच्या पडद्यावर 'विधवांसाठी' लिहिलं. माझ्या कोडनं 'साठी' कापलं, अनुस्वार काढला, 'विधवा' अचूक शोधला. मग माझ्याच सात ओळी आडव्या आल्या आणि वरच्या पडद्यावर उमटलं: शब्द सापडला नाही.

तिनं मशीनवर विश्वास ठेवला आणि पुस्तकावर संशय घेतला. शब्दच नसेल, तर ते घर कुणासाठी काढलं होतं?

मी आधी स्वतःला समजावलं की लहान मुलांपासून आपण गोष्टी लपवतोच. ताईसुद्धा काही प्रश्नांना "मोठी झालीस की सांगेन" म्हणते. ते चूक आहे असं मला आजही वाटत नाही. पण त्या वाक्यात एक कबुली असते: सांगण्यासारखं काहीतरी आहे, आत्ता सांगत नाही. माझं मशीन तसं म्हणालं नव्हतं. ते म्हणालं, नाहीच. 'सांगणार नाही' हे लपवणं झालं, 'नाही' हे खोटं झालं. युधिष्ठिरानं निदान 'कुंजरो वा' पुटपुटलं तरी होतं, आणि तेवढ्यानंही त्याचा रथ जमिनीला टेकला. मी तेवढंही पुटपुटलो नव्हतो.

दुसरी सबब जागेची. ऑक्सफर्डच्या मुलांसाठीच्या इंग्रजी कोशातून २००७ साली झाडाफुलांचे बरेच शब्द गेले, त्यावर पुढे लेखकांनी जाहीर पत्र लिहिलं. कागदी कोशाला म्हणता तरी येतं की पानं मोजकी आहेत, नवा शब्द आला की जुना जातो. माझ्या कार्डात अख्खा मोल्सवर्थ एका कोपऱ्यात मावतो. जे गेलं ते जागेअभावी गेलं नाही, मी काढलं म्हणून गेलं.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सुरुवातीला या कामाची सगळ्यात चांगली बाजू वाटत होती: ऑफलाइन असणं. २००९ साली ॲमेझॉननं लोकांच्या किंडलमधून ऑर्वेलचं '१९८४' दूर बसून परस्पर पुसलं होतं. हक्कांचा घोळ होता, नंतर त्यांनी माफीही मागितली. मी मित्रांना अभिमानानं सांगायचो, माझ्या मशीनला असा लांब हात पोचत नाही. खरंय. पण मग चूक दुरुस्त करायलाही माझा हात पोचत नाही. आपण ॲप अपडेट करतो तेव्हा कालची चूक गुपचूप नाहीशी होते. इथे मला प्रत्येक घराची बेल वाजवून सांगावं लागणार होतं की मी काय केलं.

पहिली बेल एन. एम. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीतल्या मित्राच्या घरची. त्याच्या पुतण्याकडे एक मशीन होतं. सगळं ऐकून त्यानं माझ्या हातातलं, काहीच न लपवलेलं मशीन घेतलं आणि पहिल्यांदा आपल्या जातीचं नाव लिहिलं. वाचलं. मग म्हणाला, "हे तर असंच म्हणायचे. यात लपवायचं काय? पण तारीख कुठंय? हे कोण म्हणतंय, कधी म्हणतंय, ते लिही ना वर."

त्याच्या घरात बाबासाहेबांच्या समग्र वाङ्मयाचा सोळावा खंड आहे, ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून घेतलेला. त्यात बाबासाहेबांनी केलेला पाली शब्दकोश आहे. ज्यांच्याविषयी कोशांनी असं लिहून ठेवलं, त्यांच्यातलाच एक माणूस स्वतः कोश करायला बसला होता. आमच्या परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब कितीतरी वर्षं राहिले, हे मला लहानपणापासून माहीत होतं. या कोशाचं माहीत नव्हतं.

मला वाटलं, सुटलो. तारीख लिहिली की झालं. तेवढ्यात आतून मावशी, म्हणजे मित्राची आई, बाहेर आली. "तारीख लिहिलीस म्हणून शब्द बोचायचा थांबतो का रे? आम्ही शाळेत ऐकलंय ते. माझ्या नातवाच्या हातात नको." मित्र म्हणाला, "आई, कधीतरी कळणारच." ती म्हणाली, "कळू दे. पण हा खेळ आहे, खेळात नको."

एकाच घरातली दोन माणसं, दोघांचंही मला पटत होतं. तोवर मी 'त्यांना काय वाटेल' असा विचार करत होतो, जणू 'ते' म्हणजे एकच कुणीतरी. खरं तर त्यांना विचारलंच नव्हतं. न विचारता त्यांच्या भल्याचं ठरवणं, हे त्या कोशातल्या सुरापासून फार लांब नाही.

आता मशीन असं चालतं. प्रत्येक अर्थाच्या वर लिहिलेलं असतं: मोल्सवर्थ, १८५७. काही शब्दांना अर्थाआधी एक पाटी येते: 'हा शब्द आहे. अर्थात कुणाचा तरी अपमान आहे. मोठ्या माणसासोबत वाच.' बटण दाबलं की उघडतो. मावशीच्या नातवाच्या मशीनवर त्याच पाटीवर 'आजीला विचार' असं आहे आणि उघडायचा आकडा फक्त तिला माहीत आहे. तिनं अजून उघडलेलं नाही. ते तिचं तिनं ठरवायचं. आणि खरोखर नसलेल्या शब्दासाठी आता 'शब्द सापडला नाही' येत नाही, 'या कोशात हा शब्द नाही' येतं. सगळ्या दुरुस्तीत मला महत्त्वाचे वाटतात ते हे दोन शब्द: 'या कोशात'.

खालच्या पडद्यावर एक रिकामी ओळ ठेवली आहे, आपला अर्थ लिहायला. 'विधवा'खाली भाचीनं लिहिलंय: 'जिचा नवरा वारला ती बाई. एवढंच.' मी तिला खरं काय ते सांगितलं होतं, की शब्द होता, मी लपवला होता. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अजून काय काय लपवलंयस?" मी यादी दाखवली. तिच्याबरोबर बसून वाचली. तीन संध्याकाळी लागल्या.

चार कार्डं मी बदलली. पाचवं लालबागच्या एका मुलाकडे होतं. त्यांची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आणि ते बदलापूरला राहायला गेले. फोन केला तर त्याची आई म्हणाली, सामान अजून खोक्यांत आहे, मशीन कुठल्या खोक्यात ते माहीत नाही, सापडलं की कळवते. त्याला सहा महिने झाले. तो मुलगा एखाद्या दिवशी खोकं उघडेल, बॅटरी चार्ज करेल, एखादा शब्द लिहील. आणि ते मशीन त्याला माझ्या वतीनं सांगेल, शब्द सापडला नाही.

या रविवारी बदलापूरला जाऊन येईन म्हणतो.